तीन नंबर लाइनचे सर

आमच्या लाइनवर किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. डबा खाताना एक जण सांगतो, दुसरा त्यात तिखटमीठ घालतो, आणि कंपनीची बस मोशीच्या सिग्नलला अडकली की तिसरा तोच पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. असं करत करत ढीग साचतो. पण मी हे सगळं हसत हसत सांगते असं समजू नका. निम्मे किस्से सांगताना माझं डोकं फिरतं.

आमची कंपनी चाकणला. गाडीच्या आत ज्या वायरी फिरलेल्या असतात ना, त्यांचे जुडगे आम्ही बांधतो. आमची लाइन नंबर तीन. इथे येऊन तुम्ही नुसतं विचारा, "डी.एड. कोण कोण झालंय?" निम्मी लाइन हात वर करेल. मी वैशाली, डी.एड. शेजारी कविता, तीही डी.एड. आणि टेस्टिंगच्या टेबलाला महादेव सर, म्हणजे डी.एड., बी.ए., बी.एड. सर जालन्याकडचे. लहानपणी बहिणींना ओळीत बसवून हजेरी घेणारा माणूस.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. मास्तर व्हायला आधी डी.एड. नाहीतर बी.एड. करायचं. मग पात्रता परीक्षा द्यायची, म्हणजे टीईटी. ती पास झालात की कळतं, तुम्ही नुसते पात्र झालात. शिकवायचा कल आहे की नाही हे अजून बघायचंय, म्हणून आणखी एक चाचणी. तीही झाली की पोर्टलवर नाव घालायचं आणि भरतीची वाट बघत बसायचं. भरती निघणार असते. कधीही कुणालाही विचारा, निघणारच असते.

आणि आपण वाट बघतो तेव्हा वय काही थांबत नाही. वयाला अट आहे. सरांचं सगळं पास होतं, टीईटीचे दोन्ही पेपर, चाचणी, सगळं, आणि वय अटीच्या उंबऱ्यावर. येत्या वाढदिवसाच्या आत जाहिरात आली तर सर मास्तर होणार, नाहीतर आयुष्यात कधीच नाही. हे मला आणि कविताला माहीत होतं. बाकीच्या लाइनला सर म्हणजे एक गंमत होती.

* * *

कंपनीत लागताना आम्ही सगळ्यांनी एकच केलं. डी.एड. लपवलं. शिकलेली माणसं टिकत नाहीत असं एचआरचं मत आहे, म्हणून सगळे "बारावी" सांगतात. "मग मधली वर्षं काय करत होतीस?" असं मला विचारलं तेव्हा मी "घरीच होते" म्हणाले. होस्टेलला राहून, पाठाची टाचणं काढून काढून डोळे गेले माझे, आणि मी म्हणतेय घरीच होते. बाहेर येऊन स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

सरांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सगळं खरं सांगितलं. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "एवढं शिकलात, मग इथे काय करताय?"

"भरतीची वाट बघतोय."

"मग नको. उद्या भरती निघाली की सोडून जाल."

सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही भरती जवळून बघितलेली दिसत नाही."

त्यांना त्याच दिवशी घेतलं.

* * *

आमचे सुपरवायझर बोराडेभाऊ. चऱ्होलीचे, मूळ गावातले. शेतावर बिल्डिंगा झाल्या, दारात मोठी गाडी आहे, तरी ड्युटी सोडत नाहीत. म्हणतात, "घरी बसून काय भिताडं बघू व्हय?" त्यांनी पहिल्या दिवशी महादेव सरांची शाळा-कॉलेजची सगळी कहाणी ऐकली आणि जाहीर करून टाकलं, "ह्यास्नी आजपास्नं सर म्हनायचं. एवढं शिकल्यालं मानूस हाय, नावानं हाक मारायची न्हाई."

तेव्हापासून लाइनवर सर म्हणजे एकच. मॅनेजरला साहेब, इंजिनिअरला भाऊ.

मग एकदा दिल्लीहून आलेले मोठे साहेब प्लांट बघत फिरत होते. मागे पन्नास माणसं, वह्या, टोप्या. तेवढ्यात टेस्टिंगचं टेबल बंद पडलं. बोराडेभाऊंनी तिथून हाक मारली, "सर, जरा हिकडं या की!"

मोठे साहेब बिचारे चालत आले. वाकून टेबलाकडे बघायला लागले. मागची सगळी वरातही वाकली.

बोराडेभाऊ म्हणाले, "तुमी न्हाई साहेब. आमचं सर."

* * *

ही लाल टॅगची गोष्ट तर प्लांटभर झालीय. जुडग्यात चूक सापडली की त्याला लाल टॅग बांधायचा आणि चुकीचा कोड लिहायचा. कोड म्हणजे नुसते आकडे. सरांना ते काही रुचेना. बांधणारी पोरगी टॅग बघून हिरमुसते, तिला काय चुकलं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते कोडखाली सुंदर अक्षरात लिहायचे, "प्रयत्न चांगला आहे. निळी वायर पुन्हा बघ."

एकदा कस्टमरकडून ऑडिटला माणूस आला. त्याने टॅग उचलला आणि हे काय लिहिलंय म्हणून विचारलं. आमचे मॅनेजर पांढरे पडले. बोराडेभाऊंनी हिंदीत ठोकून दिलं, "हमारा सिस्टीम है साहेब. पोरगी को बुरा नहीं लगना चाहिए."

ऑडिटरने ते लिहून घेतलं. वर जाऊन आमचं तोंडभरून कौतुक केलं. महिनाभराने टॅग छापूनच आले, खाली ओळ, "प्रयत्न चांगला आहे". मॅनेजरना त्याबद्दल स्टेजवर बोलावून ट्रॉफी दिली. आम्ही खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या, सरही वाजवत होते. मला एवढा राग आला, पण सर म्हणाले, "अगं ताई, पोरींना वाचायला मिळतंय ना?"

* * *

आता माझ्या सासूबाईंचं सांगते.

माझं लग्न ठरलं ते डी.एड.वर. पत्रिकेत नावापुढे छापलं होतं. सासूबाईंनी गावभर सांगितलं, सून शिक्षिका आणतेय. ते त्यांनी आजतागायत मागे घेतलेलं नाही. आम्ही पुनावळ्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो, मी कंपनीत जायला लागले, तरी सोसायटीत त्या सांगतात, "सूनबाई शाळेत असते." म्हणून मी युनिफॉर्मवर जॅकेट घालून निघते. भर उन्हाळ्यात. घामाने अंघोळ होते. गेटवर कंपनीची बस येते, ती आमच्या घरात शाळेची बस.

बी शिफ्टला मी दुपारी जाते, रात्री येते. एकदा खालच्या काकूंनी विचारलं, "रात्रीची कसली हो शाळा?" सासूबाई म्हणाल्या, "स्कॉलरशिपचे ज्यादा तास असतात."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्या काकू नातवाला घेऊन वरच आल्या. म्हणाल्या, तुमच्या सुनेच्या शाळेत याला घालायचंय, जरा शब्द टाका. मी स्वयंपाकघरात पोळी तव्यावर तशीच सोडून उभी.

सासूबाईंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "ॲडमिशन फुल झालीत. आणि आमच्या वैशालीला वशिला मुळीच चालत नाही."

काकू आता मला जिन्यात भेटल्या की आदराने बाजूला होतात.

* * *

माझं टीईटीचं सर्टिफिकेट एकदा मेलं होतं. म्हणजे त्याला मुदत होती, ती संपली. नोकरी लागायच्या आत पात्रताच कालबाह्य. मी पुन्हा पुस्तकं काढली, बाळाला मांडीवर घेऊन बालमानसशास्त्र वाचलं. मुलाला मारू नये, ओरडू नये, त्याचं कुतूहल जपावं. आणि ते मांडीवरचं कार्टं पुस्तकाचं पान फाडतंय म्हणून मी त्याच्यावर ओरडतेय. परीक्षेला बसले, पास झाले.

त्यानंतर जाहीर झालं, की जुनी सर्टिफिकेटंसुद्धा आता कायमची चालणार.

आता माझ्याकडे दोन आहेत. नोकरी एकही नाही. नवरा म्हणतो, एक भाड्याने दे.

* * *

कविताची गोष्ट ऐकलीत तर तुमचंही रक्त उकळेल. तिला एकदा कुणीतरी सांगितलं, एका खाजगी शाळेत प्रायमरीला बाई हव्यात. तिने सुट्टी टाकली, इस्त्रीची साडी नेसली, घरी बसून पुठ्ठ्याचं घड्याळ बनवलं. डेमो पाठ द्यायचा होता, "किती वाजले?" हा. पोरं इतकी रंगली की मधली सुट्टी झाल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. प्रिन्सिपॉल मॅडम मागच्या बाकावर बसून मान डोलवत होत्या.

मग केबिनमध्ये बोलावलं. कविता म्हणते, तिने मनातल्या मनात राजीनामासुद्धा लिहिला होता.

"फार छान पाठ झाला. टीईटी झालीय का तुमची?"

कविताने अभिमानाने सांगितलं, "हो मॅडम. पास आहे."

मॅडमचा चेहरा पडला. "अरेरे," म्हणाल्या. "मग कसं जमणार? टीईटीवाल्या टिकत नाहीत. सरकारी भरती निघाली की वर्षाच्या मध्येच पळतात, आणि पालक आमचा जीव खातात."

"मग तुम्हाला कशा बाई हव्यात?"

"नुसत्या ग्रॅज्युएट असल्या तरी चालतील. आमच्या रिसेप्शनवरच्या मॅडमना विचारलंय."

कविता दुसऱ्या दिवशी कामावर आली आणि वायरी खुपसत बसली. दुपारी डबा उघडताना म्हणाली, "ते घड्याळ तरी परत घ्यायला हवं होतं. तिथेच राहिलं." सरांनी संध्याकाळी तिला स्क्रॅपमधल्या पुठ्ठ्याचं नवं करून दिलं. ते आमच्या लाइनला टांगलंय. ब्रेक कधी संपतो ते नवीन पोरींना त्याच्यावर दाखवतो.

* * *

आमच्याकडे वाढदिवस नोटीस बोर्डावर लावतात. पद्धतच आहे. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनला केक, कागदी टोपी, आणि बोराडेभाऊंचं गाणं, जे थांबवता येत नाही.

सरांचं नाव बोर्डावर लागलं तेव्हा मी आणि कविता एकमेकींकडे बघत राहिलो. त्या आठवड्यात आम्ही तिघं दर ब्रेकला मोबाईल उघडत होतो. कामून उघडता, आली की कळेलच, असं सर म्हणायचे आणि स्वतः पुन्हा उघडायचे. आदल्या दिवशी शिफ्ट सुटेपर्यंत काही आलं नाही. सकाळीही नाही.

दुपारी सरांच्या डोक्यावर टोपी घातली. सरांनी केक कापला. सगळ्या लाइनने टाळ्या वाजवल्या. बोराडेभाऊंनी केकचा घास भरवत विचारलं, "किती वर्साचं झालं, सर?"

सरांनी वय सांगितलं.

"मंजी अजून पोरगंच की तुमी! आमच्या गावात ह्या वयाला तर लोकं पैल्यांदा निवडणुकीला हुभी ऱ्हात्यात."

सगळे हसले. सरही हसले. कविता हात धुवायचं निमित्त करून निघून गेली ती ब्रेक संपेपर्यंत आली नाही. माझ्या हातात केकची प्लेट होती, आणि मला ती कुणाच्या तरी तोंडावर फेकायची होती, पण कुणाच्या ते कळत नव्हतं. तिथे असलेल्या कुणाचीच काही चूक नव्हती.

पुढच्याच आठवड्यात भरती निघाली.

त्या दिवशी बसमध्ये मी एवढी बडबडले की ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. सर मला म्हणाले, "वैशालीताई, आरडाओरडा पुरे. आधी तुमचं दोघींचं नाव घाला. शेवटच्या दिवशी पोर्टल चालत नाही." आणि चऱ्होली फाटा येईपर्यंत आमच्या दोघींच्या मोबाईलवर सगळं त्यांनीच भरून दिलं. कुठला जिल्हा आधी घालायचा, कुठला नंतर, सगळं त्यांना पाठ होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

* * *

आणि हा शेवटचा. हा मी बसमध्ये कधी सांगत नाही.

कंपनी वर्षातून एकदा आम्हाला समाजसेवेला नेते. म्हणजे जवळपासच्या गावातली एखादी शाळा रंगवायची, फोटो काढायचे, वडापाव खाऊन परत यायचं. यंदा सरांच्या वाढदिवसानंतर महिनाभरातच आम्ही निघालो. चाकणच्या पुढे आत, डोंगराच्या कडेला एक छोटी शाळा. दोन वर्गखोल्या. भिंतीवर मुळाक्षरं आणि पाढे रंगवायचे होते. ते काम अर्थात सरांकडे, कारण अक्षर त्यांचं. रंग लागू नये म्हणून सरांनी कंपनीचा शर्ट काढून ठेवला आणि पिशवीतून आणलेला घरचा जुना पांढरा शर्ट घातला.

शाळेत एकच बाई. दुसरे सर ट्रेनिंगला गेलेले. बाईंना तालुक्याहून फोनवर फोन, कसली तरी माहिती आत्ताच्या आत्ता पाठवा म्हणून. आणि गावात रेंज फक्त देवळापाशी. बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, "दादा, जरा पोरांकडे लक्ष ठेवता का? मी पाठवून आलेच."

बाई गेल्या. सर खिडकीबाहेर ब्रश घेऊन उभे. आत तिसरीची पोरं हातच्याची वजाबाकी करत होती, आणि सगळी चुकवत होती. मोठ्यातून लहान वजा, मग आकडा वर असो की खाली. सरांनी दोन मिनिटं बघितलं. मग ब्रश डब्यात ठेवला आणि आत गेले.

आमच्या सगळ्यांच्या खिशात केबल टाय असतात, वायरी बांधायच्या त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. सवयच आहे. सरांनी पोरांना खराट्याच्या काड्या आणायला लावल्या, दहा दहा काड्यांचे जुडगे करून टायने आवळले. फळ्यावर जुडग्यांची आणि सुट्या काड्यांची चित्रं काढली. "सुट्या काड्या कमी पडल्या की शेजारच्या घरी जायचं," म्हणाले, "एक जुडगा मागून आणायचा, आणि टाय कापायचा." कात्रीने टाय कापला की काड्या बाकावर पसरायच्या आणि पोरं ओरडायची. मी आणि कविता रंगाचे हात तसेच घेऊन खिडकीत उभ्या. मला आमच्या कॉलेजचा सरावपाठ आठवला. सरांचा आवाज लाइनवर कधी ऐकला नव्हता असा येत होता.

किती वेळ गेला कळलं नाही. दारात एक साहेब उभे होते. शाळा तपासायला आले असावेत, हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र. ते बघत राहिले. मग आत येऊन त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोरीला विचारलं, "बावन्नातून सतरा गेले?"

पोरीने काड्या मांडल्या, एक टाय कापला, मोजलं आणि म्हणाली, "पस्तीस." मग दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळी बरोबर.

साहेब खूश झाले. सरांशी हात मिळवला. "वा सर, वा. इतक्या शाळा फिरतो मी, असं शिकवणं बघायला मिळत नाही. असे शिक्षक हवेत आपल्याला. कुठल्या शाळेवरून आलात, सर?"

"शाळेवरून नाही, साहेब. कंपनीतून आलोय. भिंत रंगवायला."

साहेबांनी हात सोडला. सरांच्या शर्टाकडे बघितलं, खिडकीतल्या आमच्याकडे बघितलं.

"मग वर्गात कसे तुम्ही?"

"बाई रेंजला गेल्यात. म्हणून जरा."

"हे बरोबर नाही," साहेब म्हणाले. "असं कुणीही उठून शिकवायचं नसतं. मुलांच्या भवितव्याचा प्रश्न असतो. त्याला पात्रता लागते. परीक्षा असतात त्याच्या."

मी खिडकीतून तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून.

"बरोबर आहे, साहेब," सर म्हणाले, आणि खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

साहेब पुन्हा फळ्याकडे वळले. चित्रं बघितली, मांडलेल्या काड्या बघितल्या. खिशातून मोबाईल काढला. "मुलांनो, सगळ्यांनी आपापले जुडगे वर धरा बघू. हं, अजून वर. हसा."

मग मोबाईल डोळ्यांपुढे धरूनच ते सरांना म्हणाले, "भाऊ, तुम्ही जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."